आधी नंबर, मग पाकीट: अडकलेली कामं मोबाईलमध्ये कशी लावायची?

समजा, तुम्ही जळगावात केळी वेफर्सचा धंदा सुरू करताय. मोबाईलमध्ये वीस कामांची यादी केली. त्यातलं 'पाकिटं छापणे' सोपं वाटलं, म्हणून आधी उरकलं. मग कळलं, पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लागतो आणि तो अजून मिळालेलाच नाही. गेले ना पैसे पाण्यात!

मेहनत कमी नव्हती, क्रम चुकला.

गूगल टास्क्समध्ये 'हे झाल्याशिवाय ते नाही' असं बांधून ठेवायची सोय नाही. म्हणून असं करा:

१. दोन याद्या बनवा: 'आज करता येईल' आणि 'थांबलेलं'.

२. थांबलेल्या प्रत्येक कामाखाली कारण लिहा. लेबल डिझाइन: नंबर आल्यावर. पाकीट छपाई: लेबल पक्कं झाल्यावर. यांना तारीख टाकू नका.

३. तारीख टाका ती पाठपुराव्याला. 'सोमवारी पोर्टलवर अर्ज कुठपर्यंत आला ते बघणे.'

४. एक काम झालं की लगेच 'थांबलेलं' उघडा. जे मोकळं झालं ते पहिल्या यादीत आणा.

नंबर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करा. रावेर-यावलला जाऊन कच्च्या केळीचा भाव काढा. घरी थोडा घाणा तळून चव ठरवा. ही कामं कुणासाठी अडलेली नाहीत.

धुळ्यात मसाले करणार असाल तरी नियम हाच. आज रात्री यादी उघडा आणि प्रत्येक कामाला विचारा, 'तू कशासाठी थांबलंयस?'