शूऽऽ... लायब्ररी बोलतेय!

लायब्ररी म्हटलं की काय आठवतं? जुन्या कागदांचा वास, ‘शांतता राखा’ची पाटी आणि चष्म्यावरून रोखून बघणाऱ्या मॅडम? मग ही इमेज आधी डिलीट करा! ट्विटरवर सगळ्यात भन्नाट टाइमपास कोणी केला असेल, तर तो याच मंडळींनी.

ऑक्टोबर २०१५. अमेरिकन लीग बेसबॉलच्या फायनलला कॅन्सस सिटी रॉयल्स आणि टोरोंटो ब्लू जेज समोरासमोर. दोन्ही शहरांच्या पब्लिक लायब्ररीजना राहवेना. पुस्तकं एकावर एक रचायची, त्यांच्या पाठीवरची नावं ओळीनं वाचली की समोरच्याला टोमणा तयार! फोटो काढा, ट्विट करा. सामने मैदानात आणि खुन्नस कपाटात. (जिंकले रॉयल्स. त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजही त्यांचीच.)

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथली लायब्ररी १६८३ची, पण ट्विटरवर एकदम कॉलेजकुमार. शेजारच्या शेटलंड बेटांच्या लायब्ररीशी तिची चाललेली नोकझोक वाचायला जगभरातून लोक जमायचे. या गप्पांची मजल कुठवर जावी? २०१६मध्ये तिथल्या बुक ग्रुपला चक्क जे. के. रोलिंग हजर!

पण खरा किस्सा वॉशिंग्टनचा. एप्रिल २०१०मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जाहीर केलं, की २००६पासूनचं प्रत्येक पब्लिक ट्विट आम्ही जपणार. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! म्हणजे बॉसवर वैतागून तुम्ही तेव्हा टाकलेलं ट्विटसुद्धा, अकाउंट पब्लिक असेल तर. कल्पना सही होती. आजची बडबड हाच उद्याचा इतिहास. पण जानेवारी २०१३पर्यंत साठा गेला १७० अब्ज ट्विट्सवर आणि रोज सुमारे ५० कोटींची भर. नुसत्या २००६ ते २०१०च्या ट्विट्समध्ये एक शब्द शोधायचा, तर २४ तास लागू शकत होते. अभ्यासक रांगेत उभे आणि दार बंद.

शेवटी डिसेंबर २०१७मध्ये लायब्ररीनं हात टेकले. १ जानेवारी २०१८पासून फक्त निवडक ट्विट्स घ्यायची, निवडणुका वगैरे मोठ्या घटनांची. जमवलेला साठा मात्र तेव्हाही वाचकांना खुला झाला नाही. लोकांनी टर उडवली, पण मला विचाराल तर निर्णय शहाणपणाचाच. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायलाच तर लायब्ररियन लागतो! शिवाय प्रायव्हसीचा प्रश्न होताच. चार मित्रांसाठी टाकलेली ओळ सरकारी कपाटात कायमची बसावी, हे कोणाला आवडेल?

हां, एक गंमत राहिली. या साठ्यात फक्त मजकूर आहे, फोटो नाहीत. म्हणजे कॅन्सस-टोरोंटोच्या त्या धमाल मॅचमधली पुस्तकं तिथे सापडणारच नाहीत.