सहा डिसेंबरनंतरचे दोन दिवस : मुंबईची थंडी आणि आपली तब्येत



नोव्हेंबर सरत आला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. सहा डिसेंबरला कोण कोण निघणार? पांढरी लुगडी, पांढरे सदरे धुऊन निघतात. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली जाते. लातूर-मुंबई गाडी धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी करत रात्रभर धावते आणि सकाळी आपल्याला समुद्राच्या गावात आणून सोडते.

आम्ही आरोग्य गटाच्या बाया गोळ्या, पट्ट्या, बीपीचं यंत्र घेऊन या मंडळींसोबत जातो. मागे एका वर्षी चैत्यभूमीच्या रांगेत साठी ओलांडलेल्या एक आजी चक्कर येऊन खाली बसल्या. ओठ सुकलेले, नाडी वेगात. विचारलं तर कळलं, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट नाही. "पाणी पिलं की जावं लागतंय बाई, अन् एवढ्या गर्दीत जायचं कुठं?" बीपीची गोळी नातवाच्या पिशवीत आणि नातू गर्दीत पुढे गेलेला. त्यांना आडवं केलं, पाय उंच ठेवले, शुद्ध नीट आल्यावर घोट घोट पाणी पाजलं आणि वैद्यकीय कक्षात नेलं. दुपारपर्यंत त्या सावरल्या. अभिवादनही झालं.

संध्याकाळी त्यांच्या भाचीने त्यांना समुद्राच्या कट्ट्यावर आणून बसवलं. पदर वाऱ्यावर उडत होता. बराच वेळ गप्प बसून आजी म्हणाल्या, "वीस वर्षं झाली येतेय मी. समुद्र आज बघितला."

तेव्हापासून आम्ही वस्तीत सांगत आलो आहोत, जमत असेल त्यांनी सहा तारखेला रात्रीच परत फिरू नका. पाहुण्यांकडे दोन दिवस राहा. काही जण म्हणतील, दुःखाच्या दिवसात मौज कसली? खरं आहे. सहा तारीख अभिवादनाचीच. ७ डिसेंबर १९५६ ला याच दादरच्या किनाऱ्यावर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, हे आपण विसरत नाही. पण ज्या शहरात परळच्या चाळीत राहून त्यांनी आपल्यासाठी झीज सोसली, ते शहर आपलंही आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे गेले, घाम गाळला. कुणाची आत्या घाटकोपरला आहे, कुणाचा चुलता गोवंडीला. त्या शहराची हवा दोन दिवस निवांत खाण्याचा हक्क आपल्याला नाही का?

थंडी वेगळी, कपडे वेगळे

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर. हवा कोरडी, रात्र कडाक्याची. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. मुंबईला समुद्र थंडीला आवर घालतो. पाणी जमिनीपेक्षा हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून तिथे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो आणि पहाटे अठरा-वीसच्या आसपास राहतो. जानेवारी १९६२ मध्ये मुंबईत पारा साडेसातच्याही खाली गेला होता, तो विक्रम अजून सांगितला जातो. एरवी मुंबईकर अठरा अंशांवर स्वेटर काढतात आणि आपल्याला हसू येतं.

म्हणून स्वेटर, कानटोपी, चादर ही गाडीतल्या रात्रीसाठी. कुर्डुवाडीच्या फलाटावर त्यांची किंमत कळते. मुंबईत दिवसा सुती कपडे घाला. हवा दमट असल्याने थंडीतही घाम येतो आणि अंगातलं पाणी जातं. लेकरांना दुपारी स्वेटर घालून फिरवू नका.

सकाळ नको, संध्याकाळ धरा

आपल्याकडे पहाटेची हवा चांगली म्हणतात. मुंबईच्या हिवाळ्यात हे उलटं आहे. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून जातो. थंडीत समुद्राचा वारा उशिरा सुटतो, म्हणून गाड्यांचा धूर आणि बांधकामाची धूळ सकाळी खालीच साचून राहते. दमेकऱ्यांनी पहाटे फिरायला जाऊ नये. गेलंच तर मास्क लावावा आणि पंप खिशात ठेवावा.

तिथल्या लोकांसारखं करा. चार-साडेचारला किनाऱ्यावर जा. दादर, वरळी, जुहू, मरीन ड्राइव्ह, कुठेही. कट्ट्यावर बसायला पैसे लागत नाहीत. सहाच्या सुमाराला सूर्य पाण्यात उतरतो. शेंगदाण्याची पुडी, कटिंग चहा आणि गप्पा, एवढीच मुंबईची हिवाळी मौज. हिवाळ्याच्या शेवटाकडे गेलात तर शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो बघा. भरती-ओहोटीची वेळ विचारून निघा.

पाण्यात मात्र लेकरांना सोडू नका. पाणी स्वच्छ नसतं आणि ओहोटीची ओढ कळत नाही. साखरेच्या रुग्णांनी वाळूत अनवाणी चालू नये. पायाला काच लागलेली त्यांना समजत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय बघून झोपा.

खाणं

गाड्यावर पेरू, बोरं मिळतात, धुऊन खा. कोळीवाड्यांत या दिवसांत बोंबील उन्हाला टांगलेले दिसतील. आपल्या आठवडी बाजारातला सुका बोंबील असाच किनाऱ्यावरून येतो. ओला बोंबील कुणी खाऊ घातला तर जरूर खा, मऊ आणि पचायला हलका असतो. सुक्या मासळीत मीठ फार. दिवसभरात एका माणसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ पुरतं. बीपी असणाऱ्यांनी सुकट, बोंबील कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं आणि बेतानंच खावं.

पाहुण्यांची खोली दहा बाय दहाची असते. आधी फोन करा, जाताना ज्वारीचं पीठ आणि शेंगदाणे घेऊन जा.

निघण्याआधी एवढं करा

बायांनो, पाणी तोडू नका. लघवी दाबून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं की जळजळ, ताप, कंबरदुखी सुरू होते. तासातासाला थोडं थोडं प्या. स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्याबरोबर विचारून ठेवा, दोघी-तिघी मिळून जा. रांग मोठी असते, म्हणून निकड लागायच्या आधीच निघा.

बीपी, साखर, मिरगी, दमा यांच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि त्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवा, दुसऱ्याकडे नाही. औषधाची चिठ्ठीही सोबत हवी. साखरेच्या रुग्णांनी उपाशी रांगेत उभं राहू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका.

लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात नाव आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी घाला. छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर "वाऱ्यामुळं झालं असेल" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा.

ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी

रोजंदारी बुडते, ऊसतोड सुरू असते, सगळ्यांना जाणं होत नाही. कारण समुद्र लांब आहे. पण संध्याकाळी तासभर काम खाली ठेवून माणसांत बसणं हे औषध इथेही आहे. हातलाई तलावाच्या काठी, विहाराच्या पायरीवर, शेतात हुरड्याच्या आगटीभोवती बसा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला हाताला धरून सोबत न्या. तिनं आयुष्यभर सगळ्यांचे डबे बांधले, स्वतः कधी निवांत बसली नाही.

त्या आजी मागच्या वर्षीही आल्या होत्या. गळ्यात पाण्याची बाटली, कमरेला गोळ्यांची पिशवी. परतीचं तिकीट आठ तारखेचं होतं.

जय भीम!