गायरानाचा करारनामा
माळ, नदी, रान : लेखांक सहावा

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेला. अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. अंगावरचे पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये ऊस, सोयाबीन आणि तुरीची रानं, महामार्ग, ओढे, गायरानं. २०१९ मध्येही टिपेश्वरच्याच एका तरुण वाघानं असाच प्रवास केला होता. भारतीय वन्यजीव संस्थेनं त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती, म्हणून त्याची वाट कळली. नांदेडमधलं किनवटचं जंगल, तेलंगणातलं आदिलाबाद असा फिरत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची तेराशे किलोमीटर चाल झाली होती.

टिपेश्वर अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं आहे. तिथं जन्मलेल्या प्रत्येक नराला स्वतःचा मुलूख मिळणं शक्य नाही, म्हणून ते बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर त्यांचं जगणं कुणाच्या हातात असतं, हा आजचा प्रश्न.

उत्तरासाठी लातूर-नांदेडचा पट्टा पाहू. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे. नांदेडचं जंगल मुख्यतः किनवट-माहूरच्या डोंगरांत एकवटलंय. म्हणजे काळवीट, लांडगा, रोही, मोर आणि माळावरचे पक्षी बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या जमिनीवर राहतच नाहीत. ते राहतात शेतात, गायरानात, नदीकाठी. शेत शेतकऱ्याचं, गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात पण मालकी सरकारची, धरण पाटबंधारे खात्याचं. वनखात्याकडे कायदा आहे, संस्थांकडे माणसं आणि चिकाटी, विद्यापीठांकडे अभ्यास, गावाकडे जमीन आणि पिढ्यांची माहिती. यातल्या एकाकडेही सगळं नाही. इथं संवर्धन करायचं तर भागीदारीशिवाय गत्यंतर नाही.

एकत्र येण्याची ताकद लातूरनं स्वतः अनुभवली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ ही लोकचळवळ उभी राहिली. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी यांनी वर्गणी काढली आणि साई ते नागझरी हा मांजरेचा सुमारे अठरा किलोमीटरचा पट्टा गाळ काढून रुंद आणि खोल केला. पक्ष बाजूला ठेवून एवढी माणसं एका कामाला लागली, ही मोठीच गोष्ट. पण त्या एकजुटीत पाणी होतं, नदी पूर्ण नव्हती. काठचं गवत, झाडी, वाळू, मासे, पाणपक्षी यांच्या बाजूनं बोलणारा भागीदार अशा कामात सुरुवातीपासून हवा. शिवाय मांजरा लातुरात संपत नाही. बीडच्या बालाघाटात उगम पावून ती कर्नाटकातल्या बिदरमधून तेलंगणात शिरते, तिथं मगरींच्या अभयारण्यातून वाहते, आणि पुन्हा नांदेडच्या सीमेवर येऊन गोदावरीला मिळते. लातूरनं वर जे केलं, ते खाली नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या माणसाला भोगावं किंवा उपभोगावं लागतं. तरी या दोन गावांतली माणसं नदीसाठी एका बैठकीत बसल्याचं क्वचितच दिसतं.

सगळ्यात दुर्लक्षित जमीन मात्र गायरानाची. देवणी आणि लाल कंधारी ही गोवंशाची दोन नामांकित वाणं याच पट्ट्यातली. एकाला लातूरच्या देवणीचं नाव, दुसऱ्याला नांदेडच्या कंधारचं. ही जनावरं माळाच्या गवतावर पोसली गेली. मारवेल, पवन्या, कुसळी यांनी भरलेलं माळरान काळविटाचं घर आहे आणि गुराख्याची रोजीरोटीही. तरीही अशी जमीन सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरते, आणि वृक्षलागवडीच्या उत्साहात तिथं खड्डे खणले जातात. झाडं जरूर लावावीत, पण ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याच्या कडेला. माळाला गवतच हवं.

हे जमतं, याचा दाखला वाशीम जिल्ह्यात आहे. कारंजा परिसरात ‘संवेदना’ या संस्थेनं फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचं काम केलं. तणमोर कुठं येतो, तितराची घरटी कुठं असतात, हे ज्यांना ठाऊक होतं, त्या शिकारी म्हणून हिणवलेल्या माणसांनाच राखणदार मानलं. माझ्या मते भागीदारीची खरी कसोटी हीच. ज्याचं नुकसान होणार आहे किंवा ज्याला आजवर दोषी धरलं गेलं, तो पहिल्या बैठकीला असतो का?

म्हणून भागीदारीचा करारनामा लेखी असावा, आणि मराठीत. चराई कुठं, किती महिने बंद. बंदीच्या काळात गुराख्याला कापलेल्या गवताचा वाटा किती. रोही किंवा रानडुकरानं पीक खाल्लं तर पंचनाम्यासाठी धावून येणारा माणूस कोण. प्राण्यांची मोजणी कोण करणार आणि आकडे गावापुढे केव्हा वाचणार. संस्थेचा निधी संपल्यावर राखणदाराची मजुरी कुणी द्यायची. फोटोपुरत्या भागीदाऱ्या या शेवटच्या कलमावरच मोडतात.

यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. उदाहरणच घ्यायचं तर लातूरच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळच्या संजीवनी बेटावर उत्तरा नक्षत्रात वनौषधींसाठी गर्दी लोटते. तिथं कोणती वनस्पती किती उरली, किती उपटायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क या समितीचा असायला हवा. समिती कागदावर राहिली तर बेट उघडं पडतं. जागी झाली तर वनखातं, विद्यापीठ आणि संस्था यांना बोलणी करायला गावात एक दार मिळतं.

या आठवड्यात आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही मागा. असेल तर वाचा आणि गुराख्यांना वाचून दाखवा. नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा. भागीदारीचा पहिला कागद गावाच्या हस्ताक्षरात असेल, तर पुढचे भागीदार आपल्या अटींवर येतील.

(पुढील लेखांक : किनवट-माहूरचे सामूहिक वनहक्क)