‘एमआर’ म्हणजे मराठी, ‘पीआय’ म्हणजे पाली : अनुवादाच्या जाहिराती कशा वाचाव्यात?

हिंजवडीचे आयटी पार्क आपल्या मुळशी तालुक्यातच आहे. पण अनुवादाचे काम करायला तिथे जावेच लागते असे नाही. पौड किंवा पिरंगुटमध्ये घरी बसूनही ते करता येते. मोबाइल ॲपमधील सूचना, बँकेचे अर्ज, औषधांची माहितीपत्रके, व्हिडिओची सबटायटल्स यांचे मराठीकरण करायला आणि यंत्राने केलेला अनुवाद तपासायला माणसे लागतात. दोन्ही भाषा चांगल्या येणारे आपले तरुण मात्र जाहिरातीच्या पहिल्याच ओळीवर अडखळतात. तिथे लिहिलेले असते : ‘ईएन-यूएस > एमआर-आयएन’. (जाहिरातीत ही अक्षरे रोमन असतात, आम्ही इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

हा भाषांचा संकेत आहे. आयएसओ 639 या आंतरराष्ट्रीय मानकाने भाषांना दोन किंवा तीन अक्षरांचे कोड दिले आहेत. मराठीचा ‘एमआर’ किंवा ‘एमएआर’, हिंदीचा ‘एचआय’ किंवा ‘एचआयएन’, इंग्रजीचा ‘ईएन’ किंवा ‘ईएनजी’. कोकणीला दोन अक्षरी कोड नाही; तिचा कोड ‘केओके’. वऱ्हाडी-नागपुरीलाही ‘व्हीएएच’ असा स्वतंत्र कोड आहे.

बाण कुठून कुठे?

बाणाच्या आधी असते ती मूळ भाषा आणि नंतर असते ती ज्या भाषेत अनुवाद करायचा ती. वरच्या ओळीचा अर्थ : अमेरिकन इंग्रजीतून भारतात वापरल्या जाणाऱ्या मराठीत. बाण उलटा असेल तर मराठीतून इंग्रजीत लिहावे लागेल. सहसा आपल्या मातृभाषेत अनुवाद करणे सोपे जाते आणि तो सरस उतरतो. म्हणून सुरुवात ‘एमआर’ उजवीकडे असलेल्या कामांपासून करावी.

इथे चूक होते

‘ईएन-आयएन’ पाहून अनेकांना वाटते, इंग्रजीतून भारतीय भाषेत. प्रत्यक्षात तो भारतीय इंग्रजीचा कोड आहे, कारण मागचे ‘आयएन’ हे देशाचे चिन्ह आहे. ‘ईएन-एमआर’ असे लिहिले असेल तर मात्र ती सहसा भाषांची जोडी असते. शंका आली तर अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

गाडीच्या नंबर प्लेटवरचे ‘एमएच’ पाहून तेच मराठीचा कोड म्हणून लिहू नका. भाषांच्या यादीत तो मार्शल बेटांवरील भाषेचा आहे. पाली समजून ‘पीएल’ लिहिले तर पोलिश होते, ‘पीए’ लिहिले तर पंजाबी. उमेदवारांची निवड संगणक करत असेल तर अशा एका अक्षराने तुमचे नाव भलत्याच यादीत जाते.

पालीची बाजू

पालीचा कोड ‘पीआय’, तीन अक्षरी ‘पीएलआय’. पण पालीला स्वतःची एकच अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत लिहिली जाते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक देवनागरीत उपलब्ध करून दिले, तर पाली टेक्स्ट सोसायटीची पुस्तके रोमन लिपीत आहेत. त्यामुळे भाषेच्या कोडपुढे लिपीची चार अक्षरे जोडतात : ‘डीईव्हीए’ म्हणजे देवनागरी, ‘एलएटीएन’ म्हणजे रोमन. हे मराठीलाही लागू आहे. ‘एमआर-एलएटीएन’ म्हणजे व्हॉट्सॲपवर आपण इंग्रजी अक्षरांत लिहितो तशी मराठी.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभागही आहे. पालीची कामे इंग्रजीच्या तुलनेत कमी निघतात, हे खरे. पण जे निघेल ते करायला धम्म समजणारी आणि पाली शिकलेली माणसे आपल्यातून तयार नसतील, तर बुद्धवचनांचे मराठी शब्द दुसरेच कोणी ठरवतील.

अर्ज करताना

बायोडेटात भाषांच्या जोड्या बाणासह लिहा. जी भाषा नुसती वाचता येते, ती ‘येते’ म्हणून लिहू नका. सम्यक वाचा इथेही लागते. दर प्रति शब्द असेल तर शब्द मूळ मजकुराचे मोजणार की अनुवादाचे, हे आधी विचारा. आणि नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागितले, तर कोड कितीही बरोबर असला तरी त्या जाहिरातीच्या नादी लागू नका.