चावी ढिली, ताणा खलास

आम्ही कापडाचे व्यापारी, मिस्त्री नव्हे. पण मालेगावी आमच्या मालाचा ताणा धोट्याने तोडला, तेव्हा दोष लूमच्या खालच्या शाफ्टच्या चावीत निघाला. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत हा शाफ्ट एक फेरी घेतो आणि धोट्याला मारही तोच देतो. गिअर त्यावर जरा सरकला की मार अवेळी बसतो, धोटा ताण्यातच अडकतो.

सरळ चावी दोन्ही बाजूंनी घट्ट हवी. वर बारीक फट चालते. डोक्याची उतरती चावी मात्र वर-खाली आवळते. तिचा उतार शंभरास एक. २५ मि.मी. शाफ्टला सरळ चावी ८ रुंद, ७ उंच लागते. ढिल्या चावीशेजारी पत्र्याची पट्टी ठोकणे ही आपल्या कारखानदार बंधूंची लाडकी युक्ती! पट्टी चेपते, खाच आणखी रुंदावते. त्यापेक्षा खाच साफ करून मापाची मोठी चावी बसवावी. सरळ चावी निसटू नये म्हणून एक ग्रब स्क्रू चावीवर आणि दुसरा काटकोनात शाफ्टवर आवळावा.

शुक्रवारी लूम बंद असताना गिअर व शाफ्टच्या तोंडावर खडूची एकच सरळ रेघ ओढा. शनिवारी संध्याकाळी लूम थांबवून पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर चावी खेळते आहे.