डायसीचे घर
अमेरिकन ग्रंथालय संघाचे, १९२२ पासून बालवाङ्मयास दिले जाणारे न्यूबेरी पदक १९८३ साली सिंथिया व्हॉइट यांच्या ‘डायसीज साँग’ या कादंबरीस मिळाले. मनोरुग्ण झालेली आई बॉस्टनच्या इस्पितळात निश्चेष्ट पडलेली असता, तीन धाकट्या भावंडांना मेरीलँडमध्ये आजीच्या घरी सुखरूप आणून पोहोचविणाऱ्या तेरा वर्षांच्या डायसीला आजवर एकटीने वाहिलेली जबाबदारी आता आजीशी वाटून घ्यावी लागते. आणि धरावे काय व सोडावे काय, हा प्रौढांनाही सहजी न सुटणारा पेच हाच या कथेचा गाभा होय. लेखिकेने दारिद्र्य, मृत्यू वा आजीचा करारी स्वभाव, काहीही वाचकापासून लपविलेले नाही. कुमारांना दुःखापासून दूर ठेवण्यापेक्षा ते समजून घेण्याचे सामर्थ्य देणे अधिक श्रेयस्कर. म्हणून पालकांनी ही कादंबरी मुलांसमवेत अवश्य वाचावी.