प्रशिक्षकाची खूण आणि मुलाची शंका

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्याकडील पुष्कळ शाळांत आता रुळला आहे. शालेय राष्ट्रीय स्पर्धांत त्यास स्थान आहे, आणि आपल्या सभासद कुटुंबांतील मुले-मुलीही तो हौसेने खेळतात. मुले खेळू लागली की एक प्रश्न केव्हा ना केव्हा घरात येतोच. मूल मैदानावरून परतते, बूट कोपऱ्यात टाकते आणि म्हणते, "सरांनी मला मारूच दिले नाही. त्यांचे चुकले ना?" या प्रश्नास वडीलमंडळींनी काय उत्तर द्यावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न दिसण्यात लहान आहे. परंतु मोठ्यांचा शब्द कितपत मानावा आणि आपली शंका केव्हा व कशी मांडावी, हा धडा मूल येथे गिरवीत असते, आणि तो धडा मैदानापुरता राहत नाही.

ज्या वाचकांस हा खेळ परिचित नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सॉफ्टबॉलचा आरंभ 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. जॉर्ज हॅनकॉक व त्यांचे सोबती एका सभागृहात बसले असता मुष्टियुद्धाच्या हातमोज्याचा चेंडू आणि झाडूचा दांडा यांवर हा डाव प्रथम मांडला गेला. नावात 'सॉफ्ट' असले तरी आजचा चेंडू मऊ नाही. त्याचा घेर 12 इंच असतो आणि तो लागला तर चांगलाच लागतो. म्हणूनच फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. चेंडू फेकणारा पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकतो. फलंदाजाच्या कक्षेतून गेलेला, किंवा बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे 'स्ट्राइक'. कक्षेबाहेरचा चेंडू फलंदाजाने सोडून दिला तर तो 'बॉल'. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद होतो, आणि चार बॉल मिळाले की त्यास पहिला बेस फुकट मिळतो.

महिलांच्या सामन्यांत पिचर व होमप्लेट यांमधील अंतर 43 फूट असते. ताशी 60 मैलांच्या वेगाने आलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. एवढ्या वेळात चेंडू पाहावयाचा, मारावा की सोडावा हे ठरवावयाचे आणि बॅट फिरवावयाची! म्हणून काय करावयाचे याचा बेत आधीच ठरलेला असावा लागतो. हा बेत प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ उभे राहून खुणांनी कळवितात. टोपीला हात, कोपराला हात, पट्ट्याला हात, अशा त्या खुणा असतात. मुलाची तक्रार बहुधा यांपैकीच एखाद्या खुणेबद्दल असते.

आता या तक्रारी सर्व एका जातीच्या नसतात, आणि त्या एकाच मापाने मोजल्या की गोंधळ होतो. आमच्या मते त्यांचे चार प्रकार करावेत.

पहिला प्रकार डावपेचाचा. पहिल्या बेसवर गडी आहे, कोणी बाद नाही, फलंदाज चांगला आहे, आणि खूण येते ती 'बंट'ची. म्हणजे बॅट न फिरविता चेंडू नुसता हळूच समोर ठेवावयाचा, स्वतः बाद झाले तरी चालेल, पण पुढचा गडी एक बेस सरकला पाहिजे. मुलास वाटते, माझा बळी दिला. बेसबॉल या भावंड खेळात अभ्यासकांनी हजारो डावांच्या नोंदी मांडून असे दाखविले आहे की, या बंटमुळे त्या डावातील सरासरी धावा वाढण्याऐवजी कमी होतात. परंतु शेवटचा डाव असेल, एकच धाव हवी असेल, किंवा पुढचा फलंदाज अधिक भरवशाचा असेल, तर हिशेब बदलतो. म्हणजे अशा निर्णयावर दोन शहाण्या माणसांचेही दुमत होऊ शकते. ज्यावर दुमत होऊ शकते त्यास चूक म्हणण्याची घाई करू नये.

दुसरा प्रकार ऐन वेळच्या उपदेशाचा. "कोपर वर घे", "पाय मागे ने", "वाक जरा", असा मारा चालू असतो, आणि त्यांत दोरीबाहेरचे काका-मामाही आपला आवाज मिसळतात. हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळून आले आहे की, आपल्याच हातापायांकडे लक्ष ठेवून हालचाल करणारापेक्षा बाहेरच्या लक्ष्याकडे ध्यान देणाराची हालचाल अधिक सफाईदार होते. तेव्हा मुलास सांगावे की, बॅट हाती घेऊन उभे राहिल्यावर चेंडू पाहावा. कोपराचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सरावात सोडवून घ्यावा.

तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान वयाच्या सामन्यांत पिचरचा नेम अद्याप बसलेला नसतो. अशा वेळी काही प्रशिक्षक कच्च्या फलंदाजास सांगून ठेवतात, "तू बॅट फिरवूच नकोस. चार बॉल मिळतील, पहिल्या बेसवर जा." युक्ती नियमात बसते, आणि पुष्कळदा साधतेही. सामना जिंकला जातो. परंतु ज्या मुलीला वर्षभर बॅट खांद्यावरून खाली आणू दिली नाही, ती वर्षअखेर होती तेथेच राहते. पुढे पिचर तयार होतात, फुकटचे बेस मिळेनासे होतात, आणि ही मुलगी "मला खेळता येत नाही" असे म्हणून घरी बसते. तिला खेळता येत नाही असे नव्हे. तिला खेळू दिले गेले नाही. एका सामन्यात एखाद्या वेळी ही खूण देण्यास हरकत नसावी. तीच रीत होऊन बसली, तर मात्र तेथे शिक्षण संपले असे समजावे.

चौथा प्रकार इजेचा व अप्रामाणिकपणाचा. "चेंडू अंगावर घे, बेस मिळेल", किंवा "मनगट दुखत असले तरी उभा राहा", असे कोणी सांगत असेल तर तेथे दुमताला जागा नाही. मुद्दाम चेंडूसमोर आलेल्यास बेस मिळू नये, हाच नियमाचा हेतू आहे.

प्रकार ध्यानात आले म्हणजे उत्तर अवघड राहत नाही. पहिल्या तीन प्रकारांत, सामना चालू असताना, मुलाने खूण पाळावी. येथे कोणी शंका काढील की, मुलास स्वतःची बुद्धी आहे ना? मग त्याने डोळे मिटून का ऐकावे? याचे उत्तर एका उदाहरणात आहे. तिसऱ्या बेसवर गडी आहे आणि बंटची खूण झाली आहे. ती खूण त्या गड्यानेही पाहिली आहे, आणि पिचरच्या हातून चेंडू सुटताच तो होमप्लेटकडे धावत सुटला आहे. अशा वेळी फलंदाजाने मनाने ठरवून जोराची बॅट फिरविली आणि ती हुकली, तर धावणारा आयता सापडतो. लागली, तर फटका त्याच्याच अंगावर येण्याचे भय असते. खूण ही एकट्यास दिलेली आज्ञा नसते. ती सर्वांचा मिळून केलेला करार असते, आणि करार एकाने परस्पर मोडावयाचा नसतो. खूण दिसली नाही वा समजली नाही, तर मात्र पंचांकडे वेळ मागून ती पुन्हा पाहून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शंकेची वेळ सामन्यानंतरची. ती त्याच क्षणी, सर्वांदेखत नसावी. दुसऱ्या दिवशी सरावाआधी, एकट्याने जाऊन विचारावे. विचारण्याची रीतही मुलास घरी शिकविता येते. "तुम्ही मला मारू का दिले नाही?" यात भांडण आहे. "सर, काल बंटची खूण होती, ती कशासाठी, हे मला समजून घ्यायचे आहे" यात जिज्ञासा आहे. तिसऱ्या प्रकारातील मुलीने म्हणावे, "सर, मला चेंडू मारायला शिकायचे आहे. कोणत्या सामन्यात मारू देाल?" हे आर्जव नव्हे, हा तिचा हक्क आहे, आणि तो अदब राखून मागता येतो. आपल्याकडील आखाड्यांत शागीर्द वस्तादाच्या पायांस हात लावी, आणि डावाची उकलही त्यालाच विचारी. या दोहोंत विरोध आहे असे कोणास वाटले नाही.

चौथ्या प्रकारात मात्र थांबावयाचे नाही. "सर, हे मी करणार नाही" एवढे एक वाक्य मुलास आधीच पाठ करून द्यावे, आणि असे म्हटल्यामुळे संघातून वगळले गेले तरी घरचे तुझ्या पाठीशी आहेत, हेही सांगून ठेवावे. हे वचन घरातून मिळालेले नसेल, तर बारा वर्षांच्या मुलाकडून ते धैर्य मागणे अन्यायाचे होईल.

पालकांचे काम आणखी दोन गोष्टींत आहे. एक, दोरीबाहेरून दुसरी खूण देऊ नये. बाबा म्हणतात "मार" आणि सर म्हणतात "थांब", अशा ओढाताणीत मुलाच्या हाती काहीच लागत नाही. दुसरी, निकालावरून निर्णय तोलू नये. या खेळात दहा वेळांत तीनदा सुरक्षित फटका मारणारा फलंदाज चांगला समजला जातो. म्हणजे चांगला बेतही पुष्कळदा फसतो, आणि वाईट बेतही कधी साधून जातो. घरी आलेल्या मुलास "जिंकलात का?" याच्याआधी "त्या वेळी काय ठरले होते, आणि तुला काय वाटले?" असे विचारावे. पुष्कळदा तेवढ्यानेच राग ओसरतो, आणि मागे खरी शंका उरते. मग ती सरांकडे मुलानेच न्यावी. वर्षभर मुलास वाव मिळत नसेल, विचारूनही उत्तर मिळत नसेल, किंवा इजेचा प्रश्न असेल, तरच पालकांनी स्वतः जावे, आणि तेही सामन्याच्या दिवशी नव्हे. इजेच्या बाबतीत मात्र त्याच दिवशी.

प्रशिक्षकांस आमची एवढीच विनंती की, मुलाचा प्रश्न हा अपमान समजू नये. ज्या संघात मुले विचारतात त्या संघात खुणा अधिक चोख पाळल्या जातात, कारण त्या कशासाठी आहेत हे मुलांस ठाऊक असते. आज आपण ज्यांस बॅट घेऊन देतो, तीच मुले उद्या अशा संस्थांच्या सभांत विश्वस्तांच्या खुर्च्यांवर बसतील. तेथेही बहुमताचा ठराव पाळावा लागेल, न पटलेल्या ठरावावर योग्य वेळी उठून बोलावे लागेल, आणि गैर असेल तेथे सही नाकारावी लागेल. या तिन्हींची तालीम मैदानावर होत असेल, तर मुलांचा तेथील वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.